दारू-गांजाविरुद्ध गाव एकवटलं, पुढचा खर्च कोण देणार? सीमाभागातल्या मंडळांसाठी अनुदान मिळवण्याची सविस्तर वाट

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात दारूविरोधी मोर्चा काढायला फारशी तयारी लागत नाही. बायका आधीच कावलेल्या असतात, युवक मंडळाकडे स्पीकर असतो आणि पंच कमिटी एका रात्रीत ठराव करते. कस लागतो तो मोर्चानंतरच्या दोन-तीन वर्षांत. शाळेत सत्रं कोण घेणार, पाच गावं फिरणाऱ्या पोराच्या पेट्रोलचं काय, शिबिराचं जेवण कुणाच्या खिशातून? वर्गणीवर गणपती होतो, पण व्यसन-प्रतिबंधाचं काम वर्षभर चालत नाही. म्हणून अनुदानाची वाट धरावी लागते.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. अनुदान नोंदणीकृत संस्थेला मिळतं, आणि काम मात्र गावातल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच होतं. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. एक तर संस्था एकटीच अर्ज करते आणि गाव बाजूला राहतं, नाहीतर गाव एक होतं आणि कागद कुणाकडेच नसतो. पैशाची जबाबदारी एका संस्थेवर आणि कामाचा निर्णय गावातल्या सगळ्यांच्या आघाडीच्या समितीकडे, अशी रचना बसली की पुढचं बरंच सोपं होतं.

पैसा नक्की कशासाठी हवा आहे?

व्यसनाविरुद्धच्या कामाचे तीन वेगळे भाग आहेत: प्रतिबंध, उपचार आणि कायद्याची अंमलबजावणी. अर्जात या तिघांची खिचडी केली की वाचणारा पहिल्याच पानावर फाइल मिटतो.

उपचारात पडू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. व्यसनमुक्ती केंद्र चालवायचं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे नोंदणी लागते आणि डॉक्टर, नर्स, समुपदेशक नेमावे लागतात. भाड्याच्या घरात चार खाटा टाकून माणसांना कोंडून ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो. रुग्णाला बिम्स या बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे किंवा गरजेप्रमाणे बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत पोचवणं हे आपलं काम. घरच्यांच्या हातात १४४४६ हा केंद्र सरकारचा नशामुक्ती हेल्पलाइन नंबर आणि १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्यायचा. मद्यवर्जन शिबिरं धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेची जनजागृती वेदिके ही संघटना कर्नाटकभर घेत आली आहे, तेही परत उभं करत बसायची गरज नाही.

धाडी घालणं अबकारी आणि पोलिसांचं काम. गांजा किंवा इतर अमली पदार्थांची खबर द्यायची तर १९३३ हा नंबर आहे.

आपल्या वाट्याला उरतो तो प्रतिबंध. म्हणजे जी मुलं अजून व्यसनाला लागलेली नाहीत ती लागू नयेत, आणि गावात दारू-गांजा मिळणं अवघड व्हावं, यासाठीचं काम. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढले आहेत. २०१८ ची दुसरी आवृत्ती बघितली तर आपल्याकडच्या निम्म्या कार्यक्रमांवर काट मारावी लागेल. एकदाच दिलेलं व्याख्यान, भीतीदायक फोटोंचं प्रदर्शन, व्यसनातून सुटलेल्या माणसाची कहाणी यांचा मुलांच्या वागण्यावर परिणाम झाल्याचा पुरावा नाही. सलग सत्रांतून शिकवलेली जीवनकौशल्यं, पालकांसाठीचे वर्ग आणि दारू सहज मिळू न देणं यांचा परिणाम दिसतो. २६ जूनची, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिनाची, रॅली काढायला हरकत नाही, फोटोला बरी दिसते. फक्त अनुदान तिच्या जोरावर मागू नका.

आघाडीत कोण कोण हवं?

अमेरिकेत १९९७ च्या कायद्याने सुरू झालेला ‘ड्रग-फ्री कम्युनिटीज’ नावाचा कार्यक्रम आहे. स्थानिक आघाड्यांना वर्षाला सव्वा लाख डॉलरपर्यंत, पाच-पाच वर्षांच्या दोन फेऱ्यांत जास्तीत जास्त दहा वर्षं पैसा मिळतो. तो अमेरिकेतल्या आघाड्यांसाठी आहे, आपल्याला लागू नाही. त्याची अट मात्र उचलण्यासारखी आहे. आघाडीत समाजाच्या बारा घटकांतून माणसं असलीच पाहिजेत: तरुण, पालक, व्यापारी, माध्यमं, शाळा, तरुणांसोबत काम करणाऱ्या संस्था, पोलिस, धार्मिक संस्था, नागरी गट, आरोग्यसेवक, सरकारी यंत्रणा आणि व्यसनाच्या क्षेत्रात आधीपासून काम करणारे.

आपल्या गावात ही यादी कशी भरते बघा. तरुण म्हणजे मंडळाचा अध्यक्ष नव्हे, दहावी-बारावीतली दोन मुलं आणि दोन मुली. पालक म्हणजे शाळेच्या एसडीएमसीतले, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीतले, सदस्य. व्यापारी म्हणून किराणा दुकानदार हवाच, कारण बऱ्याच खेड्यांत दारू बारमध्ये कमी आणि दुकानाच्या मागच्या फळीवर जास्त विकली जाते. देवस्थान कमिटी, भजनी मंडळ, वारकरी, मशिदीची जमात, चर्च ज्या गावात जे असेल ते. आरोग्यासाठी आशाताई, सरकारी बाजूने पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि बीटचा पोलिस. बचत गट तर आहेतच, पण मेहनत सगळी त्यांची आणि व्यासपीठावर खुर्ची दुसऱ्याची हा प्रकार पहिल्या बैठकीतच बंद करा.

यात मराठी आणि कन्नड बोलणारे दोन्ही हवेत. जिथे उर्दू बोलणारी वस्ती आहे तिथे तिचीही माणसं हवीत. सीमाप्रश्नावर प्रत्येकाचं मत आहे आणि ते असणारच, पण या समितीच्या टेबलावर तो विषय आणला की पहिल्याच महिन्यात निम्मी माणसं उठून जातात. डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाला, आणि राज्याच्या खात्यांना द्यायचे अर्ज कन्नडमध्ये लिहा. मुलांसाठीची पत्रकं मुलं ज्या भाषेत शिकतात त्या भाषेत. इथे अभिमानाचा प्रश्न करण्यात अर्थ नाही, फाइल हलली पाहिजे.

दारूचे किंवा गुटख्याचे पैसे आघाडीत नकोत, हेही पहिल्या ठरावात लिहून ठेवा. निपाणी भागात तंबाखूवर हजारो घरं चालतात, त्यामुळे तिथे हा विषय नाजूक आहे. तंबाखू पिकवणारा शेतकरी किंवा विड्या वळणारी बाई आघाडीची सभासद जरूर असावी, पण गुटखा कंपनीचं प्रायोजकत्व नको. तसंच बारमालकाची देणगी घेऊन छापलेल्या दारूबंदीच्या टी-शर्टाकडे मुलं बघतात आणि हसतात.

कागदपत्रं: एक संस्था पुढे करा

नवीन संस्था काढायची घाई करू नका. बहुतेक दात्यांना तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, त्यामुळे आज नोंदवलेली संस्था तीन वर्षं दारातच उभी राहते. तालुक्यात चांगला हिशेब ठेवणारी एखादी जुनी शिक्षण संस्था, महिला संस्था किंवा ट्रस्ट शोधा आणि तिला पैशाची पालक करा. तिच्याशी दोन पानांचा करार करायचा: अनुदानासाठी वेगळं बँक खातं, खर्चाचा निर्णय आघाडीच्या समितीचा, सहीचे अधिकार दोघांना मिळून, दर तीन महिन्यांनी हिशेब सगळ्यांसमोर. संस्थेने कारभारापोटी किती रक्कम ठेवायची तेही आधीच ठरवा, नंतर तोंडं वाकडी होतात.

नवी संस्था काढावीच लागली तर लक्षात ठेवा की कर्नाटकात महाराष्ट्रासारखी धर्मादाय आयुक्तांकडची वाट नाही. सोसायटी कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली होते, किमान सात सभासद लागतात आणि नोंदणी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे. ट्रस्ट असेल तर ट्रस्ट डीड उपनिबंधक कार्यालयात नोंदवायची. उद्देशांमध्ये ‘आरोग्य आणि व्यसन-प्रतिबंध’ असा स्पष्ट उल्लेख हवा. कार्यक्षेत्र ‘बेळगाव शहर’ एवढंच लिहिलं असेल तर खानापूरच्या गावांत अनुदान खर्च करताना लेखापरीक्षक बोट ठेवतो.

पुढचे कागद असे: पॅन, नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, आयकर खात्याची १२एबी (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब. नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, पण सीए आणि दाते अजून जुन्याच नावांनी बोलतात. कंपन्यांकडे त्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी मागायला जायचं असेल तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी लागते. त्यासाठी १२एबी आणि ८०जी दोन्ही हवेत, शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. केंद्राचा पैसा पीएफएमएस या सरकारी निधी-व्यवहाराच्या प्रणालीतून येतो, तिथेही संस्थेची नोंद करावी लागते. हे सगळं जमवायला वेळ जातो. तोवर खाली सांगितलेलं पाहणीचं काम सुरू ठेवा.

गावाचा आकडा गावातूनच काढा

अर्जात सगळे एकच आकडा लिहितात. एम्सच्या केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू घेतात असं आढळलं, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसं. आकडा खरा आहे, पण देणाऱ्याला तो पाठ आहे. त्याला हवं असतं ते तुमच्या गावातलं चित्र.

त्यासाठी दोन गोष्टी करा. पहिली, आठवी ते दहावीच्या मुलांची निनावी पाहणी. अमेरिकेतल्या त्या कार्यक्रमात आघाड्यांना चार गोष्टी मोजाव्या लागतात, त्याच मराठीत आणि कन्नडमध्ये विचारता येतात: गेल्या ३० दिवसांत दारू, तंबाखू, गांजा यांपैकी काही घेतलं का, हे घेतल्याने किती धोका आहे असं वाटतं, तू घेतलंस तर आईवडिलांना किती चुकीचं वाटेल, तुझ्या मित्रमैत्रिणींना किती चुकीचं वाटेल. एवढंच. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. कागदाची घडी घालून बंद पेटीत टाकायची आणि सर त्या वेळी वर्गाबाहेर. बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) लेखी परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्या. बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. निपाणीची शाळा चिकोडीच्या डीडीपीआयकडे, म्हणजे शिक्षण उपसंचालकांकडे, येते, बेळगावला अर्ज देऊन बसू नका. शंभराच्या आत मुलं असतील तर निकाल शाळेच्या नावाने जाहीर करू नका, चार-पाच गावांचा एकत्र मांडा.

दुसरी गोष्ट म्हणजे नकाशा. चार्ट पेपर जमिनीवर पसरायचा आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन बसायचं. शाळा, बसस्टॉप, अंगणवाडी, देऊळ काढून घ्यायचं आणि मग विचारायचं: कुठे मिळते, किती वाजता, कशात, उधारीवर की रोख? यातून जे निघतं ते कुठल्याही अहवालात सापडत नाही. उदाहरणार्थ अशी नोंद: ‘शाळेच्या मागची पानपट्टी, सकाळी सात ते नऊ, ९० मिलीचं टेट्रा पॅक, उधारी चालते, गिऱ्हाईक वीटभट्टीला जाणारे मजूर, दहावीची मुलं तिथेच मावा घेतात.’ एका ओळीत वेळ, जागा, माल, उधारी, माणूस सगळं आलं आणि काय करायचं तेही दिसायला लागलं. खानापूरच्या बाजूला चोर्ला आणि अनमोडमार्गे येणाऱ्या गोव्याच्या स्वस्त दारूची नोंद वेगळी ठेवा, तो रस्ता अबकारी खात्याच्या कामाचा आहे. विकणाऱ्याचं नाव मात्र अर्जात कधीही लिहू नका. नकाशा मंडळाच्या कपाटात राहील, अर्जात फक्त त्याचा सारांश.

दुकानं आणि परवान्यांची अधिकृत माहिती माहिती अधिकारात अबकारी खात्याकडे मागा. कर्नाटकातला मद्याचा घाऊक व्यवहार राज्याच्या बेव्हरेजेस कॉर्पोरेशनमार्फत चालतो, त्यामुळे विक्रीची नोंद सरकारकडे असतेच.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. ‘आडवी बाटली’चं मतदान घेऊन दुकान बंद करण्याचा नियम महाराष्ट्राचा आहे. चंदगड, कागलच्या पाहुण्यांकडून ऐकून आपल्याकडे बायका सह्या गोळा करायला लागतात. कर्नाटकात त्या नियमाच्या भरवशावर अर्ज रचू नका. इथे ग्रामसभेचा ठराव, शाळा-देवळापासूनच्या अंतराची तक्रार आणि विनापरवाना विक्रीची तक्रार ही हत्यारं. अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे दुकानदारांच्या बैठकीत शांतपणे वाचून दाखवलं तरी पुरतं.

कुणाकडे मागायचं?

सर्वात जवळून सुरुवात करा. ग्रामपंचायत रोख थोडीच देईल, पण ठराव, सभागृह आणि ग्रंथालयाची खोली देऊ शकते आणि तो ठराव पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडता येतो. आपल्याकडे सहकारी आणि सौहार्द सोसायट्या गल्लोगल्ली आहेत. वार्षिक सभेच्या आधी संचालकांना भेटलात तर पहिल्या पाहणीचा खर्च तिथून निघतो. आखातात काम करणारी गावची मुलं पैसे पाठवतात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची धरली जाते, मग तो मूळचा इथल्याच गल्लीतला का असेना.

रोटरीचा विचार करताना आपल्या भागाला एक सोय आहे: बेळगाव, कोल्हापूर आणि गोवा रोटरीच्या ३१७० या एकाच जिल्ह्यात येतात. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या क्लबांना एकत्र आणून एकच प्रकल्प मांडता येतो, सरकारी अनुदानात ते जवळपास अशक्य. छोट्या कामासाठी जिल्हा अनुदान. जागतिक अनुदान मागायचं तर प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा हवा आणि परदेशातला भागीदार क्लब लागतो, पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

कंपन्यांचा सीएसआर निधी कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मधून येतो. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे असतात, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. अनुसूची सातमध्ये ‘प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा’ आहे, आपलं काम त्याच शब्दांत मांडा. बेळगावात हिंडाल्कोचा कारखाना आहे, हत्तरगीजवळ एकस कंपनीचं औद्योगिक क्षेत्र आहे, उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, चिकोडी-अथणीकडे साखर कारखाने आहेत. यांतल्या कोणाला दोन टक्क्यांचा नियम लागू होतो ते त्यांच्या वार्षिक अहवालात सापडतं. फाउंड्रीच्या मालकाशी बोलताना कामगारांच्या सोमवारच्या गैरहजेरीपासून सुरुवात करा, तो लगेच कान देतो.

केंद्र सरकारचा मुख्य रस्ता म्हणजे सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाचा अमली पदार्थांची मागणी कमी करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा. स्वयंसेवी संस्थांना त्यातून ई-अनुदान पोर्टलवर अर्ज करता येतो. त्यातले तीन प्रकार ओळखून ठेवा. आयआरसीए म्हणजे भरती करून उपचार करणारी केंद्रं, ते आपलं काम नाही. ओडीआयसी म्हणजे वापर करणाऱ्यांसाठी तपासणी, समुपदेशन आणि पुढे पाठवणी करणारी जागा. सीपीएलआय म्हणजे समवयस्क मुलांमार्फत धोक्यातल्या मुला-किशोरांसाठी जाणीव आणि जीवनकौशल्याचं काम. आघाडीला जवळचं ते हेच तिसरं.

या अर्जांना जिल्ह्याची तपासणी आणि राज्याची शिफारस लागते, त्यामुळे डीसी ऑफिसात ओळख हवी. १५ ऑगस्ट २०२० ला २७२ जिल्ह्यांत सुरू झालेलं नशामुक्त भारत अभियान पुढे देशभर नेलं गेलं, त्याची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. अमली पदार्थविरोधी समन्वयाची एनकॉर्ड ही जिल्हा समितीही त्यांच्याच अध्यक्षतेखाली. आपली पाहणी आणि नकाशाचा सारांश दोन पानांत कन्नडमध्ये करून समितीला द्या. राज्याचं मद्यपान संयम मंडळही आहे, जनजागृतीच्या साहित्यासाठी त्याच्याशी बोलून ठेवावं.

खासदार निधीतून मानधन किंवा शिबिर होत नाही, तो टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो. अभ्यासिका, व्यायामशाळा, मैदान मागायचं असेल तर तिकडे जा. संध्याकाळी सहा ते नऊ पोरांना बसायला जागा नसणं हाही व्यसनाच्या नकाशातलाच एक ठिपका असतो.

परदेशी निधी पहिल्या काही वर्षांसाठी सोडून द्या. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते, तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात मुख्य कामावर १५ लाख खर्च दाखवावा लागतो, खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडावं लागतं, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

अर्ज लिहायला बसताना

प्रस्तावात पाल्हाळ नको. गावात काय घडतंय, ते इथेच का घडतंय, त्यातल्या कोणत्या कारणावर आम्ही काम करणार आणि ते बदललं हे कसं कळणार, या चार प्रश्नांची उत्तरं एकामागून एक लागली की प्रस्ताव झाला.

‘जनजागृतीद्वारे व्यसनमुक्त समाज घडवणे’ असं उद्दिष्ट लिहिलेलं दिसलं की मी पेन काढून ते खोडतो. त्या जागी असं लिहा: ‘पाच गावांतल्या सात शाळांमधल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी वर्षभरात दहा सलग सत्रं. ‘आईवडिलांना फार चुकीचं वाटेल’ असं सांगणाऱ्या मुलांचं प्रमाण सुरुवातीच्या पाहणीपेक्षा शेवटच्या पाहणीत वाढलेलं असेल. शाळेपासून शंभर मीटरच्या आत विनापरवाना विक्रीची आज नोंदलेली ठिकाणं निम्म्यावर येतील.’ हे मोजता येतं. नाही जमलं तर तेही दिसतं, आणि दात्याला तेच हवं असतं.

सत्रांसाठी स्वतः पुस्तिका लिहीत बसू नका. सामाजिक न्याय मंत्रालयाने शाळांसाठी ‘नवचेतना’ नावाची जीवनकौशल्यांची सत्रं तयार केली आहेत, ती शिक्षकांना शिकवून घ्या आणि अर्जात तसं नमूद करा. समवयस्क गटासाठी राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली एनएसएसची मुलं उपयोगी पडतात.

अंदाजपत्रक

पाच गावं, एक वर्ष, अशा कामाचा नमुना देतो. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला. समन्वयकाचं मानधन महिना १२,००० म्हणजे १,४४,०००. पाच गावमित्र, म्हणजे गावागणिक एक कार्यकर्ता, प्रत्येकी महिना २,०००, म्हणजे १,२०,०००. चार प्रशिक्षण शिबिरं, प्रत्येकी १५,०००, एकूण ६०,०००. सुरुवातीची आणि शेवटची पाहणी मिळून ३६,०००. प्रवास महिना २,५००, एकूण ३०,०००. छपाई २०,०००. हिशेब तपासणी १५,०००. बेरीज ४,२५,०००.

यात मंडप, हार-तुरे, स्मृतिचिन्हं नाहीत, मुद्दाम नाहीत. पाहणीचा खर्च काढून टाकायची सूचना हमखास येते, तेवढी ऐकू नका. शेवटची पाहणी गेली की पुढच्या वर्षीचा अर्जही गेला.

आपला वाटा वेगळ्या रकान्यात दाखवा. त्या अमेरिकन कार्यक्रमात आघाडीने निदान अनुदानाएवढाच वाटा स्थानिक पातळीवर उभा करायचा असतो आणि स्वयंसेवकांचा वेळही त्यात पैशात धरतात. आपल्याकडे तशी सक्ती नसली तरी पंचायतीचं सभागृह, शिक्षकांचे तास, बचत गटाने केलेला स्वयंपाक, तरुणांनी दिलेले रविवार हे सगळं बाजारभावाने मांडलं की अर्जाचं वजन वाढतं. मात्र त्याची हजेरी-वही हवी, सह्यांसकट. पाच हजारांचा श्रमदानाचा आकडा वहीशिवाय लिहिला तर खऱ्या चार लाखांवरही शंका घेतली जाते.

पैसा आल्यावर

सरकारी अनुदान हप्त्यांत येतं. पहिल्या हप्त्याच्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर १२-ए नमुना, गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. अनुदानावर मिळालेलं व्याज संस्थेचं नसतं, ते परत करायचं असतं. ठरलेल्या शीर्षकाबाहेर खर्च करायचा तर आधी लेखी मंजुरी घ्यायची. बिलं शक्यतो बँकेतून भागवा. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर देणाऱ्याला ८०जीची सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगितलं तर नंतर रुसवे होत नाहीत.

हप्ता उशिरा येणार हे धरूनच चाला. एप्रिलचा पैसा सप्टेंबरात आला आणि तोवर गावमित्र पुण्याला कामाला निघून गेला, असं होतं. म्हणून सोसायटीची देणगी आणि मित्रमंडळींची रक्कम मिळून निदान तीन महिन्यांचं मानधन बाजूला ठेवलेलं बरं.

मुलांचे फोटो अहवालात टाकताना भान ठेवा. सत्राचा सामूहिक फोटो चालेल, पण ‘व्यसनात सापडलेला विद्यार्थी’ असा फोटो किंवा नाव कुठेही जाता कामा नये. समुपदेशनासाठी पाठवलेल्या मुलाची माहिती समन्वयकाच्या कुलूपबंद वहीतच राहील. समितीतल्या पोलिसालाही ती दाखवायची नाही, हे त्याच्यासमोरच ठरवून टाका. नाहीतर मुलं बोलायची बंद होतात.

अर्ज नाकारला गेला तर

नकाराचं कारण लेखी मागा. सरकारी खात्याकडून माहिती अधिकारात फाइलवरचे शेरे मिळतात आणि ते वाचण्यासारखे असतात. बहुतेक वेळा त्रुटी कागदाची असते: दर्पणवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही, एका वर्षाचा ताळेबंद नाही, कार्यक्षेत्राचा उल्लेख नाही. तेवढं सुधारून पुढच्या वेळी तोच अर्ज टाका. कामाबद्दलच शंका असेल तर प्रकल्प पाच गावांचा दोन गावांवर आणा, स्थानिक पैशावर एक वर्ष चालवा आणि दोन्ही पाहण्यांचे निकाल शेजारी शेजारी लावून परत जा. मधल्या काळात समितीची महिन्याची बैठक चुकवू नका आणि इतिवृत्ताच्या वहीत प्रत्येक बैठकीला सह्या घ्या. तपासणीला आलेला अधिकारी आधी तीच वही मागतो.